गॅस उपसला की विहिरी आटतात का?

नाशिकमध्ये पाइपचा गॅस घरोघरी यायला लागल्यापासून हा प्रश्न माझ्या मागेच लागलाय. लग्नात जेवायला बसलं तरी शेजारचे पाहुणे विचारतात, "तुम्ही त्या ऑस्ट्रेलियातल्या गॅसच्या भागातल्या भूजलाचं काम करता ना? मग सांगा, जमिनीतून गॅस उपसला की आजूबाजूच्या विहिरी आटतात का हो?" गल्लीत चर खणले म्हणजे इथेच कुठेतरी गॅस लागला, अशी काहींची समजूत असते. तसं काही नाही, तो गॅस बाहेरून येतो. प्रश्न मात्र चांगला आहे. तुम्ही विचारलंत म्हणून जरा बैजवार सांगतो.

काही विहिरी आटतात. सगळ्या आटत नाहीत, आणि ज्या आटतात त्याही लगेच आटत नाहीत.

बहुतेकांनी मोबाइलवर नळाला काडी लावल्यावर भडकणारी ज्वाळा पाहिलेली असते. पाण्यात मिथेन, म्हणजे हाच गॅस, येतो, हे खरं. पण बोअर मुळात कोळशाच्या थरात उतरलेली असेल तर तो गॅसकंपनी येण्याआधीही येत असतो. मला त्या ज्वाळेपेक्षा दाबाची काळजी जास्त वाटते. कोळशाच्या थरात मिथेन कोळशाला चिकटून बसलेला असतो आणि भोवतालच्या पाण्याचा दाब त्याला तिथेच धरून ठेवतो. गॅस सुटायला हवा असेल तर आधी पाणी उपसून दाब उतरवावा लागतो. आपल्याकडे पश्चिम बंगालातल्या राणीगंजला 2007 पासून असा गॅस विकला जातोय, तिथेही हीच रीत. थोडक्यात, या धंद्यात गॅसच्या आधी पाणीच उपसावं लागतं.

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड राज्यात सुरत नावाचं खोरं आहे (हो, सुरतच, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही गुजरातच आठवलं). तिथे अशा हजारो गॅसविहिरी आहेत आणि त्यांतून वर्षाला साधारण 5,400 कोटी लिटर पाणी निघतं. आपलं गंगापूर धरण काठोकाठ भरलं की 5,630 दशलक्ष घनफूट साठा होतो, त्याचा हा जवळजवळ तिसरा हिस्सा. पाणी खारवट, तसंच शेताला देता येत नाही, शुद्ध करावं लागतं.

दाब कोळशात उतरला, तरी शेतकऱ्याची बोअर असते वरच्या किंवा खालच्या वालुकाश्मात. मध्ये चिकणमातीच्या दगडाचे घट्ट थर. ते जाड आणि सलग असतील तर झळ पोचायला कित्येक दशकं, कधी शतकंही लागतात. ते कुठे पातळ असतील, मधून भेग गेली असेल किंवा जुनी, केसिंग (आतला आधाराचा पाइप) कुजलेली बोअर त्यांना आरपार छेदून गेली असेल, तर हिशेब बदलतो. सगळा अभ्यास या "कुठे"भोवती फिरतो.

हे समजायला आपल्याला ऑस्ट्रेलियाला जायला नको. नाशिकखाली कोळसा नाही. आहेत ते साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर: काळा पाषाण, मग मांजऱ्या (भोकाभोकांचा खडक), मध्येच लाल गेरूचा पट्टा, पुन्हा पाषाण. जुन्या विहिरी वरच्या मुरमा-मांजऱ्यावर चालतात. द्राक्षबागेसाठी बोअर मारतात ती कित्येक शे फूट खाली जाते, आणि केसिंग मात्र वरच्या मुरमापुरतंच. दिंडोरीकडे मे महिन्यात अशा बोअरच्या तोंडाला कान लावून पाहा. आत टपटप, कधी चक्क धार पडल्यासारखा आवाज येतो. मालक खुशीत सांगतो, "साहेब, पाणी बोलतंय!" बोलतंय खरं, पण ते वरच्या थरातलं पाणी आहे, खालच्या कोरड्या भेगेत पडतंय. शेजाऱ्याच्या विहिरीचा झरा याच वाटेने गेलेला असतो. गॅसकंपनी नसताना आपणच थर एकमेकांना जोडून ठेवलेत.

परिणामाचा अंदाज बांधायला आम्ही संगणकावर त्या प्रदेशाचं मॉडेल उभं करतो. खडकातून पाणी किती सहज वाहतं, हे चार-दोन चाचण्यांवरून पक्कं ठरत नाही. म्हणून तेच मॉडेल वेगवेगळे आकडे घालून शेकडो, हजारो वेळा चालवायचं. उत्तर पट्ट्यात येतं: अमुक बोअरची पातळी बहुधा एखादा मीटर उतरेल, फार वाईट झालं तर आठ. बैठकीत साहेबांना हवा असतो एकच आकडा. दिला की तो बातमीत जातो आणि पट्टा फाइलीत राहतो. मला या कामात सगळ्यात जास्त राग याचाच येतो.

क्वीन्सलँडने त्यावर एक व्यवहारी तोड काढली आहे. खडकातल्या बोअरची पातळी 5 मीटरपेक्षा जास्त उतरेल आणि मऊ गाळातली 2 मीटरपेक्षा जास्त, असा अंदाज निघाला की तो उंबरठा ओलांडला असं मानायचं. नैसर्गिक झऱ्यांसाठी तर हा उंबरठा 0.2 मीटरच. पुढच्या तीन वर्षांतच तो ओलांडला जाईल असं दिसलं, तर कंपनीने बोअरमालकाशी करार करायचा: बोअर खोल करून द्या, नवी द्या किंवा भरपाई द्या. पाणी आटेपर्यंत थांबायचं नाही. हे मला फार पटतं. वादाचा सगळा भार शेतकऱ्याच्या डोक्यावर पडत नाही.

पण हे चालतं आधीच्या नोंदींवर. आपल्याकडे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा 1972 पासून आहे; तिच्या निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजली जाते. हे मोठं धन आहे. मात्र त्या बहुतेक उथळ विहिरी. खोल बोअरचं पाणी कुठे होतं आणि कुठे गेलं, हे फक्त मालकाला ठाऊक, तेही तोंडी.

म्हणून पुढचा प्रश्न, "आम्ही काय करायचं?", याचं माझं उत्तर गॅस असो वा नसो, एकच आहे. मे आणि ऑक्टोबरमध्ये पंप रात्रभर बंद ठेवून सकाळी पातळी मोजा, वहीत तारखेसकट लिहा. एकदा पाणी प्रयोगशाळेत देऊन क्षार आणि सोडियम तपासून घ्या. आणि माप केसिंगच्या काठापासून घेतलं की जमिनीपासून, तेही न विसरता लिहा. केसिंग जमिनीच्या वर दीडेक फूट असतं, आणि नंतर भांडणं होतात ती त्या दीड फुटावरून.