गॅरेजची खोली करताय? आधी दाराखालचा पाया बघा

इंग्लंडमध्ये भारतातून येणाऱ्या आईवडिलांना जिना चढावा लागू नये म्हणून अनेक घरांत गॅरेजची खोली केली जाते. घराचा आकार वाढत नसेल तर बहुधा प्लॅनिंग परमिशन (कौन्सिलची बांधकामाची परवानगी) लागत नाही. तरी घराची मूळ परवानगी काढून वाचाच. ‘गॅरेज गाडीसाठीच ठेवायचं’ अशी अट नव्या वसाहतींत पुष्कळदा असते आणि मग अर्ज करावाच लागतो. लिस्टेड, म्हणजे ऐतिहासिक वारसा म्हणून संरक्षित घराचे नियम वेगळेच.

बिल्डिंग रेग्युलेशन्सची, म्हणजे बांधकाम सुरक्षेच्या नियमांची मंजुरी मात्र प्रत्येकाला लागते. फुल प्लॅन्सचा (सगळे नकाशे आधी तपासून घेण्याचा) अर्ज करावा. दुसरा मार्ग बिल्डिंग नोटिशीचा; त्यात नकाशे आधी तपासले जात नाहीत, चूक कळते ती काम सुरू झाल्यावर.

बरेच पैसे जातात ते गॅरेजच्या दाराच्या जागी. तिथे भिंत उभी करायची, पण दाराखाली बऱ्याचदा नुसता स्लॅब असतो, पाया नसतोच. कोटेशन घेण्याआधी एक खड्डा खणून बघा. पाया नसला तर चर खणून काँक्रीट भरावं लागतं, किंवा दोन्ही बाजूंच्या पायांवर काँक्रीटची लिंटेल (आडवी तुळई) टाकून तिच्यावर भिंत उचलतात. मंजुरी देणाऱ्या इन्स्पेक्टरने चर बघितल्याशिवाय काँक्रीट ओतू नका.

सांडलेलं पेट्रोल घरात येऊ नये म्हणून गॅरेजची जमीन बहुधा घरापेक्षा निदान 100 मिमी खाली ठेवलेली असते. उंचीतला हा फरक नवी जमीन करताना कामी येतो: ओल अडवणारा प्लास्टिकचा पडदा, त्यावर 75 ते 100 मिमी पीआयआर (उष्णतारोधक फोमचा) बोर्ड, वर 22 मिमी चिपबोर्ड. पडदा घराच्या भिंतीतल्या ओलरोधक थराला जोडला नाही, तर कडेने ओल वर चढते.

भिंत एकेरी विटेची असेल तर इन्सुलेशन थेट विटेला चिकटवू नका. पावसाचं पाणी वीट ओलांडतं आणि आतलं लाकूड कुजतं. मधे 50 मिमी पोकळी ठेवा.

खोलीचं दार बाहेर जाणाऱ्या हॉलमध्ये उघडत नसेल, तर आग लागल्यास बाहेर पडता येईल अशी सुटकेची खिडकी हवी: मोकळी जागा किमान 0.33 चौरस मीटर, रुंदी आणि उंची प्रत्येकी किमान 450 मिमी. म्हणजे रुंदी 450 ठेवलीत तर उंची 735 लागते. नुसती 450 बाय 450 खिडकी नापास होते.

शेवटी कम्प्लीशन सर्टिफिकेट (काम नियमांप्रमाणे झाल्याचा दाखला) हातात घ्या. घर विकताना सॉलिसिटर ते मागतोच. मंजुरीशिवाय झालेलं काम 11 नोव्हेंबर 1985 नंतरचं असेल तर कौन्सिलकडे रेग्युलरायझेशनचा (मागाहून मंजुरीचा) अर्ज करता येतो, पण त्यासाठी केलेलं प्लास्टर आणि जमीन पुन्हा उघडून दाखवावी लागू शकते.