एमपी३चा आवाज फाइलमध्येच बदलणे: काम कुठवर आलं

संग्रहातल्या सगळ्या एमपी३ फाइलींचा आवाज एका पातळीवर आणून झाला. फ्लॅक आणि ओपस या इतर ध्वनी-स्वरूपांतल्या फाइली बाकी आहेत.

नुसते रीप्लेगेनचे टॅग (आवाज किती कमी-जास्त करायचा हे प्लेअरला सांगणारी फाइलीतली नोंद) लावायचे नाहीत, हे आधीच ठरवलं होतं. टॅग प्लेअरने वाचला तरच उपयोग, आणि पेनड्राइव्हवर चालणारे साधे स्पीकर तो बहुधा वाचतच नाहीत. म्हणून एमपी३गेन, फाइलीतच आवाज बदलणारं सॉफ्टवेअर. हे जुनं सॉफ्टवेअर मला अजूनही फार आवडतं, कारण ते गाणं पुन्हा एन्कोड करत नाही. एमपी३च्या प्रत्येक फ्रेममध्ये (गाण्याच्या छोट्या तुकड्यात) ‘ग्लोबल गेन’ नावाचे ८ बिटांचे आकडे असतात. एमपी३गेन फक्त तेच वर-खाली करतं. दर्जा तसूभरही घटत नाही. एक पायरी म्हणजे साधारण १.५ डेसिबल, चार पायऱ्यांत तरंगाची उंची बरोबर दुप्पट किंवा निम्मी. त्यामुळे ठरवलेली पातळी अगदी नेमकी गाठता येत नाही, पाऊण डेसिबलपर्यंत फरक राहतो. कानाला तो जाणवत नाही.

किती पायऱ्या बदलल्या याची नोंद फाइलीला जोडलेल्या एपीई नावाच्या टॅगमध्ये राहते, तिच्यावरून फाइल पूर्ववत करता येते. काही टॅग एडिटर हा टॅग पुसून टाकतात, तेव्हा आधी त्यांची सेटिंग बघून घ्या.

पातळी ८९ डेसिबलच ठेवली. सुटी गाणी ट्रॅक गेनने (प्रत्येक गाणं वेगळं मोजून) केली, पूर्ण अल्बम मात्र अल्बम गेननेच (सगळ्या गाण्यांना एकच बदल). अल्बममधलं हळुवार गाणं शेजारच्या दणदणीत गाण्याइतकं मोठं केलं, की कलाकाराने जपलेला चढउतारच जातो. याबाबतीत मी तडजोड करत नाही.

सर्वांत जास्त आनंद अलीकडच्या, दाबून मास्टर केलेल्या गाण्यांनी दिला. त्यातली बरीच सहा डेसिबल किंवा त्याहून जास्त खाली आली, आणि डीकोड होताना शिखरं छाटली जाऊन येणारी खरखर गेली. एमपी३मध्ये तरंग नव्हे, वारंवारतेचे आकडे साठवलेले असतात. ती शिखरं फाइलमध्ये शाबूत होती, बाहेर पडताना छाटली जात होती. मास्टरिंगमध्येच जे छाटलं गेलं, ते अर्थातच परत येत नाही.

फ्लॅकमध्ये असा आकडा नाही. तिथे प्रत्येक सॅम्पलला गुणावं लागतं, किमती पूर्णांकात बसवताना मूळ हरवतं. म्हणून फ्लॅकला फक्त टॅग, मूळ प्रत अबाधित.

ओपसची गंमत वेगळी. त्याच्या हेडरमध्येच ‘आउटपुट गेन’ असतो, पायरी १/२५६ डेसिबलची, आणि प्लेअरने तो आपसूक लागू करावा असं ओपसच्या प्रमाणात लिहिलंय. फक्त ओपसचे आर१२८ नावाचे आवाजाचे टॅग −२३ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप) ही पातळी धरतात आणि रीप्लेगेन २.० मात्र −१८. ओपस आणि रीप्लेगेनचे टॅग असलेल्या फाइली एकाच यादीत वाजायच्या, तर हा ५ डेसिबलचा फरक आधी मिटवायला हवा. मी हेडर −१८ला बसवणार आहे. पुढच्या नोंदीत त्याचे आकडे देतो.