धावपट्टीखालची रेल्वे

नवी मुंबईत, महाप्यातल्या आमच्या ऑफिसात जुने नकाशे संगणकावर चढवायचं काम चालतं. स्कॅन केलेला नकाशा आजच्या उपग्रह चित्रावर नेमका बसवायचा आणि त्यावरचे ओढे-नाले गिरवून घ्यायचे. जेवणानंतर डोळे उघडे ठेवणं, हेच यातलं खरं कौशल्य.

त्या दिवशी कुर्ला-अंधेरी भागाचा, इंचाला मैल मापाचा नकाशा हाती होता. कालिन्याचं जुनं चर्च धरून तो बसवला, तर विमानतळाच्या आवारातून आरपार गेलेली एक रेघ दिसली.

"मुंबईला पाणी आणणारी तानसाची पाइपलाइन असेल, ताई," शेजारचा पोरगा म्हणाला.

मला पटेना. रेघ वळत होती, पण लांबून, सावकाश. गाडीरस्ता शेताच्या बांधाशी आला की झटकन वळतो; असं ऐसपैस वळण फक्त रूळच घेतात. मोठं करून पाहिलं, तर कोलेकल्याण गावाजवळ रेघेला लागून स्टेशनाची खूण!

मग काम बाजूला ठेवून शोधत बसले. ही साष्टी-ट्रॉम्बे रेल्वे. ट्रॉम्बे ते अंधेरी, जेमतेम १३ किलोमीटर. १९२८ साली सुरू झाली, जीआयपी रेल्वे, म्हणजे आजची मध्य रेल्वे, ती चालवायची. १९३४ साली सांताक्रूझच्या विमानतळासाठी बंद करून उखडलीसुद्धा. सहा वर्षं! आमच्याकडचे रस्तेही याहून जास्त टिकतात, असं लिहिणार होते. पण राहू दे.

शेजारच्या कुर्ला-चेंबूर मार्गाचं नशीब उलटं. तो १९०६ मध्ये शहराचा कचरा वाहायला टाकला, १९२४ पासून त्यावर माणसं बसू लागली, आणि तोच वाढत वाढत १९९२ मध्ये खाडी ओलांडून वाशीला आला. मी रोज त्याच मार्गाने कामाला येते.

"क्लायंटने नाले मागितलेत. रूळ कशाला गिरवतेस?" सरांनी मागून विचारलं.

"सर, सखल जमिनीत रूळ म्हणजे मातीचा भराव. त्याच्याआड पाणी तुंबू नये म्हणून नाला आला की मोरी किंवा पूल ठेवावाच लागतो. पुलांच्या खुणा सापडल्या, तर बुजलेले नालेही सापडतील."

सर क्षणभर थांबले. "वेगळ्या लेअरमध्ये ठेव. बिलात धरू नकोस."

संध्याकाळपर्यंत रेघ अंधेरीला पोचवली. एके ठिकाणी पुलाची खूण होती आणि तिच्याखालून जाणारा नाला नंतरच्या कुठल्याच नकाशात नव्हता. सरांनी क्लायंटला आधी तोच पाठवायला सांगितला.