इवलासा रेकॉर्डर, पण आवाज केवढा!

रेकॉर्डर म्हणजे शिट्टीसारखं तोंड असलेलं, सरळ धरून फुंकायचं वाद्य. माझा सोप्रानिनो रेकॉर्डर, म्हणजे त्यातला अगदी छोटा प्रकार, पेअरवुडचा (नासपतीच्या लाकडाचा) आहे, वीतभराहून जरासाच लांब, आणि माझी बोटं जाड असल्यामुळे खालची भोकं झाकताना ती एकमेकांवर चढतात. शाळेतल्या, याच्याहून मोठ्या सोप्रानो रेकॉर्डरचा सगळ्यात खालचा सूर सा धरला तर याचा खालचा सूर त्याचा मध्यम, म्हणजे सगळं वरच वर. तरी लाकडामुळे खालचे सूर गोड, किंचित हवा मिसळलेले येतात. वरचे मात्र टोकदार, बंद खोलीत वाजवलात तर कानात शिट्ट्या!

बासरीत ओठ फिरवून सूर सावरता येतो, इथे फुंकरीची वाट ठरलेली, त्यामुळे जोर लावला की सूर चढलाच. मग जी काय गंमत करायची ती जिभेने, तु-तु कडक, डु-डु मऊ. वरच्या सप्तकासाठी मागचं भोक अंगठ्याने झाकायचं पण नखाएवढी फट ठेवायची, ती जरा मोठी झाली की सूर फाटतो.

आणि फोंड्याचा पाऊस! हवेतच एवढी ओल की वाजवून झाल्यावर वाद्य लवकर वाळतच नाही, त्यात श्वासाची वाफ फुंकरीच्या वाटेत थेंब होऊन बसते आणि आवाज घुसमटतो. मी आधी काखेत धरून गरम करतो (हसा खुशाल), वाजवून झालं की सुटं करून पुसतो. आतल्या पोकळीला अधूनमधून बदामतेल, तोंडाकडच्या ब्लॉकला (फुंकरीची वाट घडवणाऱ्या लाकडी बुचाला) अजिबात नाही. शेजारच्या काकी खोबरेल सुचवतात, पण सॉरी काकी. नवशिक्यांनी सरळ प्लास्टिकचा सोप्रानो घ्यावा, पावसाळ्यात तर नक्कीच.