लेकीचा सैनिक शाळेचा प्रवेश : माझा अनुभव

सातारची सैनिक शाळा 1961 सालची, देशातली पहिली. मुलींना मात्र तिथं 2021 पासून प्रवेश मिळू लागला, त्यामुळे मुलीसाठी हे सगळं केलेलं आमच्या ओळखीत कुणीच नव्हतं. 2022 मध्ये खडकवासल्याला एनडीएत, म्हणजे लष्करी अधिकारी घडवणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, मुली दाखल झाल्या आणि तेव्हापासून आमच्या लेकीनं ध्यासच घेतला. सहावीचा प्रवेश म्हणजे 31 मार्चला वय 10 ते 12 हवं. ते जुळत होतं. प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरला.

नातेवाईक म्हणायचे, जनरल नॉलेजची पुस्तकं आणा. माझं ठाम मत वेगळं आहे. पेपर 300 गुणांचा आणि त्यातले 150 एकट्या गणिताचे. गणिताचे 50 प्रश्न, प्रत्येकी 3 गुण. भाषा, बुद्धिमत्ता आणि सामान्य ज्ञान या तिघांना प्रत्येकी 50. म्हणून रोजचा मोठा वेळ लसावि-मसावि, अपूर्णांक, शेकडेवारी, सरळव्याज, घनफळ यांना दिला. बुद्धिमत्तेसाठी पाचवीच्या स्कॉलरशिपचा सराव कामी आला. पेपर मराठीतूनही देता येतो, ही आमच्यासारख्या जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलांसाठी फार मोठी गोष्ट आहे. मुलांना गणित येत असतं, पण प्रश्नच परक्या भाषेत असला की ती बिचकतात.

वेळ अडीच तास, प्रश्न 125. चुकीला गुण कापत नाहीत, तेव्हा उत्तरपत्रिकेवर एकाही प्रश्नाचा गोल रिकामा सोडायचा नाही हे तिला पक्कं सांगितलं होतं. घरी घड्याळ लावून ओएमआर शीटवरच, म्हणजे गोल रंगवायच्या उत्तरपत्रिकेवरच, सराव घेतला. वहीत उत्तर काढणं आणि पेनानं गोल भरणं यात वेळेचा बराच फरक पडतो.

खरी दमछाक कागदांनी केली. 67 टक्के जागा शाळा ज्या राज्यात आहे तिथल्या मुलांच्या, म्हणून डोमिसाईल, म्हणजे राज्यातल्या रहिवासाचा दाखला, लागतंच. आम्ही ओबीसी. राज्याचं नॉन क्रिमीलेअर हातात होतं, पण इथं केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो आणि जात केंद्राच्या यादीत असावी लागते. तो दाखला एका कार्यालयात अडकला. साहेब रजेवर, मग सर्व्हर बंद, मग नावातलं एक अक्षर जन्मदाखल्याशी जुळेना. पोरीनं एवढा अभ्यास करायचा आणि तिची जागा एका अक्षरावर लटकायची, याचा मला मनापासून संताप आला. फॉर्म सुटायची वाट बघू नका. आधार, जन्मदाखला, शाळेचं रजिस्टर, तिन्हीकडचं स्पेलिंग उन्हाळ्यातच एक करून घ्या.

निकालानंतर जागावाटपाच्या ऑनलाइन समुपदेशनात (काउन्सेलिंग) शाळांचा पसंतीक्रम भरला. सातारा पहिली, चंद्रपूर दुसरी. सातारा मिळाली.

मग मेडिकल, तेही लष्करी रुग्णालयात. डोळे, कान, दात, गुडघे, सगळं बारकाईनं बघतात. आम्ही आधीच कानाच्या डॉक्टरांकडून मळ काढून घेतला होता आणि किडलेली दाढ भरून आणली होती. रांगेतल्या एका मुलाला नेमकं कानातल्या मळासाठी थांबवलं, तेव्हा त्याच्या आईचा चेहरा बघवत नव्हता. फेरतपासणी मागता येते, हे मी तिला सांगितलं आणि ती लगेच अर्जाची चौकशी करायला खिडकीकडे गेली.