माकुडीला शिंगं फुटली!

शिंदळ माकुडी म्हणजे सह्याद्रीच्या कड्यांवर वाढणारं दुर्मिळ, मांसल खोडाचं झुडूप. माझ्याकडच्या तिच्या कुंड्यांना मी 'अ', 'ब', 'क' म्हणतो. 'ब' कुंडीत काल सकाळी वाळलेल्या फुलाच्या देठाशी दोन हिरवी टोकं दिसली. घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावून तीनदा पाहिलं. शेंगाच आहेत, जोडीने, करडाच्या शिंगांसारख्या. चार पावसाळे आणि मोजून एकतीस फुलं खर्ची पडल्यावर शिंदळ माकुडीने दाद दिली. (तिचं शास्त्रीय नाव फ्रेरिया; आता तिला बूसेरोसिया या गटात ढकललंय म्हणे. माझ्या लेबलावर फ्रेरियाच राहणार.)

खोडाचे तुकडे कुणाकडेही मुळं धरतात. कोकोपीटमध्ये मात्र घालू नका, पावसाळ्यात कुजतात. मुरूम आणि विटेचा चुरा झकास. पण एका झाडाचे पन्नास तुकडे केले तरी झाड एकच. कड्याच्या भेगेत वणवा शिरला, दरड कोसळली की तिथलं वाण गेलं, ते माझ्या पन्नास कुंड्यांनी परत येत नाही. म्हणून बियांचा हट्ट.

आता घोडं कुठे अडलं होतं ते. परागसिंचनाचा सराव मी रुईच्या फुलांवर केला होता, हे मागे लिहिलंय. हत्यार तेच: टूथपिकला चिकटवलेली मांजरीची गळालेली मिशी. फुलाच्या मधल्या भागातल्या फटीत खालून सरकवायची, वर ओढली की काळा ठिपका अडकतो आणि त्याला जोडलेली पिवळ्या पोलिनियाची (परागाच्या घट्ट गोळ्यांची) जोडी बाहेर. माकुडीचं फूल जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटरचं, त्यात मधला भाग मोहरीएवढा, तरी हात बसला होता. जोडी निघायची, दुसऱ्या फुलाच्या फटीत जायचीही. आठवड्याभरात फूल गळून पडायचं.

चूक रुईनेच शिकवली होती. रुईचे पोलिनिया ठिपक्याखाली लोंबतात, माकुडीचे वर उभे असतात. त्यांच्या एका कडेला काचेसारखी पारदर्शक पट्टी असते, परागनलिका तिथूनच फुटते. ती पट्टी आधी आत गेली पाहिजे. मी चार वर्षं उलटे कोंबत होतो! ऑगस्टमध्ये सहा फुलांना सुलटे बसवले. एकाला शेंग धरली.

पण आनंदात एक खडा आहे. या वेळी पराग साताऱ्याच्या मित्राने दिलेल्या 'क' कुंडीतला होता. आधीची सगळी खटपट 'अ' आणि 'ब' मधली. 'ब' नर्सरीवाल्याने 'वेगळं वाण' म्हणून दुप्पट भावाने गळ्यात मारलं, आणि मला दाट संशय आहे की ते 'अ'चंच भावंड, नव्हे, तुकडाच आहे. तसं असेल तर ते झाडाला स्वतःचाच पराग देणं झालं, शेंग त्यामुळेही धरली नसेल. मग गुण कशाचा, सुलट्या पट्टीचा की परक्या परागाचा? दोन गोष्टी एकदम बदलल्या की असं होतं.

शेंगेला मलमलची पिशवी बांधणार होतो. पण लिहिता लिहिताच लक्षात आलं, पावसाने भिजलेल्या पिशवीच्या ओझ्याने देठ मोडायचा. त्यापेक्षा शिवणाचा दोरा शेंगांभोवती सैल गुंडाळतो. शेंग तडकली तरी म्हाताऱ्या उडून शेजाऱ्यांच्या पत्र्यावर जाणार नाहीत. रुईसारखाच रेशमी झुपका असतो बियांना, एक झुळूक पुरते.

'अ'वर दोन कळ्या आहेत, 'ब'वर एक. या खेपेला 'क'ला हात लावायचा नाही, 'अ'चा पराग 'ब'ला, सुलटा. मिशी मात्र झिजलीय, आणि मांजर सध्या काही गाळायच्या विचारात दिसत नाही.