आईचा डावा पाय

आईच्या मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन जुलैमध्ये झालं. डिस्चार्जच्या दिवशी सिस्टरांनी फाइल, औषधांची पिशवी आणि रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून द्यायच्या इनॉक्सापॅरिन या औषधाच्या भरलेल्या सिरिंजांचा खोका माझ्या हातात ठेवला. "रोज एक, संध्याकाळी, त्याच वेळेला. एकूण अठ्ठावीस. आठ इथे झाली." म्हणजे घरी वीस. बाबा नाहीत, ताई नाशिकला. सुई मलाच टोचायची होती.

सिस्टरांनी एकदा करून दाखवलं आणि दुसऱ्यांदा माझ्याकडून करून घेतलं. बेंबीपासून आणि टाक्यांपासून लांब, आज उजवीकडे तर उद्या डावीकडे. पोटाची कातडी चिमटीत धरायची, सुई सरळ आत घालायची, दट्ट्या सावकाश दाबायचा आणि औषध पूर्ण जाईपर्यंत चिमूट सोडायची नाही. सिरिंजमधला हवेचा बुडबुडा काढायचा नाही. नंतर चोळायचं नाही, चोळलं की काळंनिळं होतं. पहिल्या संध्याकाळी आईने पदर बाजूला केला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. दुखण्यापेक्षा मुलासमोर पोट उघडं करण्याचाच संकोच तिला जास्त होता. चारपाच दिवसांनी मात्र देवाजवळ दिवा लावला की तीच हाक मारायची, "ये रे, वेळ झाली."

अठ्ठावीसच का, हे मी सर्जनना विचारलं होतं. कॅन्सरमुळे रक्तात गोठण्याची ओढ वाढते. त्यात पोटाचं मोठं ऑपरेशन आणि पडून राहणं. पायाच्या खोल शिरेत गुठळी झाली आणि तिचा तुकडा सुटून फुप्फुसात गेला, तर जिवावर बेततं. पूर्वी हे इंजेक्शन आठवडाभरच देत. पोटाच्या कॅन्सर-ऑपरेशनांवरच्या २००२ सालच्या एका अभ्यासात मात्र, आठवड्याने थांबवलेल्यांपैकी १२ टक्के रुग्णांत तपासणीत गुठळ्या सापडल्या आणि चार आठवडे घेतलेल्यांत पाच टक्क्यांच्या आत. तेव्हापासून चार आठवडे.

खोका संपला त्या दिवशी आम्ही सुटकेचा श्वास टाकला. इंजेक्शनं संपली, म्हणजे गुठळीची भीती संपली, असं आम्ही धरून चाललो. तसं कुणी सांगितलं नव्हतं. पण तसं नसतं, हेही कुणी सांगितलं नाही, आणि याचा मला अजून राग आहे.

ऑगस्टच्या शेवटी केमो सुरू झाली. दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून ऑक्सालिप्लॅटिन आणि घरी कॅपेसिटाबिनच्या गोळ्या. ऑक्सालिप्लॅटिननंतर गार काही लागलं की घशात आणि बोटांत टोचल्यासारखं होतं, म्हणून आई माठाचं पाणी टाळायला लागली. कोमट पाणी तिला मुळात आवडत नाही. एकूण पाणीच कमी झालं. त्यात जुलाब.

गौरी आल्या तेव्हा नको नको म्हणताना ती ओट्यापाशी उभी राहिली. दुसऱ्या दिवशी डावी पोटरी दुखायला लागली आणि पाऊल चढेना चपलेत. घरात सगळ्यांचं एकच म्हणणं, उभं राहून पाय सुजला. ओळखीच्या एका दवाखान्यात दाखवलं, तर पेनकिलर आणि वर चोळायला जेल मिळालं. चोळ म्हणून सांगणं किती धोक्याचं होतं ते मला नंतर कळलं. गुठळी असलेला पाय चोळायचाच नसतो.

संध्याकाळी मी दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवून पाहिले. उजवा नेहमीसारखा. डावा गुडघ्याखाली तुकतुकीत, हात लावला तर गरम. उभं राहून सुजले असते तर दोन्ही सुजले असते ना? केमोच्या डॉक्टरांच्या नंबरवर फोन केला. त्यांनी दम लागतोय का, छातीत दुखतंय का, थुंकीत रक्त आहे का, एवढंच विचारलं आणि म्हणाले, "आत्ता निघा."

आम्ही नारायण पेठेत राहतो. देखावे बघायला आलेल्यांची गर्दी, लक्ष्मी रस्ता गाड्यांना बंद. बोळाबोळांतून आईला स्कूटरवर मागे बसवून अलका टॉकीजच्या चौकापर्यंत आणलं, तिथून रिक्षा.

डॉप्लर, म्हणजे पायातल्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी, करताना मी शेजारीच उभा होतो. पडद्यावर दोन काळे गोल दिसत होते. डॉक्टर प्रोब दाबत, तेव्हा त्यातला एक चपटा होऊन मिटायचा, ती शीर. दुसरा उघडाच राहायचा, ती धमनी. जांघेपासून खाली येत येत प्रोब गुडघ्यामागे आला. दाबलं. दोन्ही गोल तसेच. पुन्हा दाबलं. शीर मिटेना. आत गुठळी होती.

पुन्हा इंजेक्शनं, या वेळी वजनाच्या हिशोबाने दिवसातून दोन. आधी मूत्रपिंडांसाठी क्रिएटिनिन आणि रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट तपासले. महिन्याने रक्त पातळ ठेवणाऱ्या अपिक्साबानच्या गोळ्या, कमीत कमी सहा महिने आणि केमो चालू आहे तोवर. आतड्यात गाठ शिल्लक असती तर तिथून रक्तस्राव होण्याच्या भीतीने गोळीचा विचार जपून केला असता. आईची गाठ काढलेली होती. रक्त पातळ करणारं जुनं औषध वॉरफरिन का नको, तेही डॉक्टरांनी सांगितलं. कॅपेसिटाबिनबरोबर ते घेतलं तर रक्त प्रमाणाबाहेर पातळ होऊ शकतं. ब्रुफेनसारख्या पेनकिलर बंद. शौचाला काळं झालं किंवा हिरड्यांतून रक्त आलं, तर लगेच फोन करायचा.

त्या डॉक्टरांकडूनच मला आर्मां ट्रूसो हे नाव कळलं. कॅन्सर आणि गुठळ्यांचा संबंध या फ्रेंच डॉक्टरांनी १८६५ सालीच मांडला होता. पुढे स्वतःलाच तशी गुठळी झालेली दिसली तेव्हा आपल्याला काय झालंय हे त्यांनी ओळखलं आणि १८६७ मध्ये ते जठराच्या कॅन्सरने गेले. इतकं जुनं ज्ञान आमच्या डिस्चार्ज कार्डावर एका ओळीत मावलं असतं.

आता आई रोज सकाळी ब्लाउजच्या मापाच्या टेपने दोन्ही पोटऱ्या मोजते आणि कालनिर्णयवर पेन्सिलीने लिहिते. त्या दिवशी चार सेंटिमीटरचा फरक होता, आता अर्धा आहे. गेल्या आठवड्यात केमोच्या वेळी शेजारच्या खाटेवरच्या काकूंनी विचारलं, "टेप कशाला हो सोबत?" आईने साडी गुडघ्यापर्यंत वर घेतली, पोटरीवर नेमकं कुठे मोजायचं ते दाखवलं आणि टेप त्यांच्या हातात दिली.